चेहरा सगळ्यात शेवटी: उशिराच्या रोमन ब्राँझ नाण्यांची ओळख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीतल्या एका जुन्या बाजारात तुम्ही मातीने भरलेल्या रोमन नाण्यांची पुडी घेतलीत. सगळी ब्राँझची, करंगळीच्या नखापासून आपल्या रुपयाच्या नाण्यापर्यंतच्या आकाराची. ती धुतलीत, फोटो काढलेत आणि रोमन सम्राटांच्या चित्रांशी चेहरे जुळवत बसलात. एकही जुळला नाही. "सगळे एकाच आईची लेकरं दिसतात, मग कोण कुठला हे जाणकार तरी कसं सांगतात?" असं तुम्ही विचारलंय. सोबत चार नाण्यांचे फोटो आहेत, त्यांच्याकडे येतेच.

आधी तुमचा जीव हलका करते. चौथ्या-पाचव्या शतकातल्या नाण्यांवरचा सम्राट जाणकारही चेहऱ्यावरून सांगत नाहीत. पहिल्या शतकातली गोष्ट वेगळी होती. नीरोची जाड मान किंवा व्हेस्पासियनचं टक्कल नाण्यावर लगेच ओळखू येतं. पण डायोक्लेशियनने सुमारे 294 साली नाण्यांची नवी घडी बसवली तेव्हा साम्राज्यावर चौघं मिळून राज्य करत होते, आणि चौघांचे चेहरे मुद्दामच एका साच्यातले कोरले जात: चौकोनी डोकं, आखूड दाढी, ठोकळ्यासारखी मान. पुढे कॉन्स्टंटाइनने दाढी उतरवली आणि तरुण, गुळगुळीत, मोठ्या डोळ्यांचा नवा साचा आला. त्याच्या मुलांनी तोच घेतला, नंतर आलेल्या दुसऱ्या घराण्यांनीही तोच घेतला. टांकसाळीत ठसा कोरणाऱ्याने बहुतेकदा सम्राटाला पाहिलेलंही नसे. त्याला डोकं कोरायचं होतं, भोवतीचं नाव बदललं की सम्राट बदलला.

म्हणून माझा क्रम उलटा असतो. आधी माप आणि वजन, मग मागचं चित्र, मग नावाची शिल्लक अक्षरं, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. कोणत्या सम्राटाचं नाणं, हा प्रश्न बाजूला ठेवून कोणत्या वर्षांतलं, हे आधी विचारायचं. वर्षं कळली की उमेदवार दोन-चारच उरतात, आणि दोन-चार जणांतून एक निवडायला तीन-चार अक्षरंही पुरतात.

माप घ्यायला साधा व्हर्निअर आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा सोनाराचा छोटा काटा पुरतो. या काळातल्या नाण्यांची मूळ नावं नेमकी कोणती होती यावर अभ्यासकांचं एकमत नाही, म्हणून संग्राहक व्यासावरून गट पाडतात. 'एई' ही ब्राँझच्या नाण्यांसाठीची खूण. 25 मिलिमीटरच्या वरचं ते एई 1, 21 ते 25 एई 2, 17 ते 21 एई 3, आणि त्याहून लहान एई 4. गट कामचलाऊ आहेत, पण उपयोगी आहेत, कारण हे चलन वर्षागणिक आकसत गेलं. डायोक्लेशियनचं नवं नाणं सुमारे 10 ग्रॅमचं होतं. कॉन्स्टंटाइनच्या काळात ते तीन ग्रॅमवर आलं. 330 नंतर अडीच, 335 च्या सुमारास दीड. शतकाच्या अखेरीस एक ग्रॅमचं चिल्लर सगळीकडे पसरलं होतं. मधूनमधून कुणीतरी मोठं नाणं पुन्हा सुरू करी आणि तेही लवकरच आकसत जाई. त्यामुळे वजन एकट्याने साल सांगत नाही, पण मागच्या चित्राला जोडून पाहिलं की बरंच सांगतं.

आता मागची बाजू, कारण सगळी मौज इथेच आहे. या काळात एकच चित्र आणि एकच घोषवाक्य साम्राज्यभरच्या टांकसाळींतून ठरावीक वर्षं निघायचं आणि मग बंद व्हायचं. चित्र ओळखलंत की काळाची चौकट आपोआप मिळते. अक्षरं वाचता आली नाहीत तरी चालतं, कारण झिजलेल्या नाण्यावर चित्राचा ढोबळ आकार शेवटपर्यंत टिकतो.

उभा सूर्यदेव, एक हात वर, दुसऱ्या हातात गोल: हे 310 च्या दशकातलं, कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या सोबतच्या राज्यकर्त्यांचं. दोन बुरुजांचा दगडी दरवाजा, वर चांदणी: हा लष्करी छावणीचा दरवाजा मानतात आणि कॉन्स्टंटाइन घराण्याच्या नाण्यांवर तो मुख्यतः 324 ते 330 मधला. दोन शिपाई समोरासमोर, मध्ये लष्करी निशाणं: घोषवाक्य 'ग्लोरिया एक्झेरसितुस', सैन्याचं गौरवगान. इथे एक गोष्ट नीट पाहायची. शिपायांच्या मध्ये दोन निशाणं असली तर 330 ते 335, एकच असलं तर 335 ते 341. नाणं हलकं करताना त्यांनी एक निशाण काढून टाकलं. इतकी सोपी खूण या क्षेत्रात क्वचित मिळते, म्हणून नवशिक्यांना मी पहिल्यांदा निशाणं मोजायला लावते.

341 ते 348 च्या दरम्यान पश्चिमेकडच्या टांकसाळींत दोन विजयदेवता समोरासमोर हार घेऊन उभ्या दिसतात. दोन शिपाई आणि दोन देवता झिजल्यावर सारख्याच वाटतात. तेव्हा पाठीमागे पंख शोधा. नाणं तिरप्या उजेडात धरलं की पंखांच्या रेषा दिसतात.

348 साली पुन्हा मोठी नाणी काढली गेली आणि त्यांच्यावर 'फेल तेम्प रेपारातिओ', म्हणजे सुखाचे दिवस परत आल्याची द्वाही. याखाली अनेक चित्रं आली: होडीत उभा सम्राट, गोलावर बसलेला फिनिक्स पक्षी, झोपडीतून माणसाला बाहेर ओढणारा शिपाई. पण बाजारातल्या पुड्यांत शंभरातली बहुतेक असतात ती घोडेस्वाराची. रोमन शिपाई भाला खुपसतोय आणि शत्रूचा स्वार घोड्यावरून कोसळतोय. पहिली नाणी चांगली ठसठशीत, पुढची लहान होत होत 17 मिलिमीटरपर्यंत आलेली. सुखाचे दिवस आल्याचं सांगणारं नाणं दरवर्षी आकसत जातं, ही गंमत त्या काळच्या लोकांच्याही लक्षात आली असणार.

361 ते 363 या थोडक्या काळात जुलियनचं मोठं नाणं निघालं. त्यावर बैल आणि वर दोन चांदण्या. चेहऱ्याकडे सुरुवातीलाच बघायला मी जिथे परवानगी देते तो हा अपवाद: कॉन्स्टंटाइननंतरच्या नाण्यावर लांब दाढी दिसली तर बहुधा जुलियनच. दाढीवाले आणखी काही जण होऊन गेले, पण ते अल्पकाळचे आणि त्यांची नाणी तुमच्या पुडीत येण्याची शक्यता कमी.

364 ते 378 मध्ये दोन चित्रं सर्वत्र आढळतात. एकात सम्राट कैद्याचे केस धरून त्याला ओढतोय, दुसऱ्या हातात ख्रिस्ताची खूण असलेलं निशाण. दुसऱ्यात विजयदेवता एकटीच हार घेऊन डावीकडे चाललीय. व्हॅलेंटिनियन, व्हॅलेन्स आणि ग्रेशियन, एवढेच मुख्य उमेदवार. आणि 388 नंतर येतं ते बारा-तेरा मिलिमीटरचं, तुमच्या पुडीतलं सर्वांत चिमुकलं: विजयदेवता खांद्यावर विजयचिन्ह घेऊन कैद्याला ओढत नेतेय. कैदी ओढणारा सम्राट की देवता, हा प्रश्न इथे पंख आणि आकार मिळून सोडवतात. सम्राटवालं सतराच्या आसपास, देवतेचं बारा-तेरा.

चित्र आधी का, याचं आणखी एक व्यावहारिक कारण आहे. 'आरआयसी' ('रोमन इम्पीरियल कॉइनेज') या रोमन नाण्यांच्या प्रमाण सूचीचे खंड काळानुसार पाडलेले आहेत: सातवा 313 ते 337 चा, आठवा 337 ते 364 चा, नववा 364 ते 395 चा, दहावा त्यापुढचा. काळ माहीत नसेल तर कोणता खंड उघडायचा हेच कळत नाही. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने हीच सूची इंटरनेटवर मोफत शोधता येईल अशी ठेवली आहे. 'ओसीआरई' नावाने ती मिळेल. तिथेही घोषवाक्य आणि टांकसाळ टाकून शोधलंत तर पंधरा मिनिटांत काम होतं. सम्राटाच्या नावाने सुरुवात केलीत तर हजारो नोंदींत हरवाल.

आता नाव. लॅटिन येत नसलं तरी चालतं, थोडी अक्षरं ओळखता आली की झालं. लक्षात ठेवा की तिथे 'यू'च्या जागी 'व्ही' कोरतात. सुरुवातीची 'डी एन' ही दोन अक्षरं म्हणजे 'आमचे स्वामी' ही उपाधी. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात ती कमी, उत्तरार्धात जवळजवळ सगळीकडे. शेवट तर त्याहून महत्त्वाचा. 'ए व्ही जी' असेल तर माणूस ऑगस्टस, म्हणजे सम्राट. 'एन ओ बी सी' किंवा 'एन ओ बी सी ए ई एस' असेल तर सीझर, म्हणजे धाकटा राज्यकर्ता. शेवटची तीन अक्षरंच शिल्लक असली तरी अर्धे उमेदवार गळतात.

नवशिक्यांना खरा त्रास होतो तो कॉन्स्टंटाइनच्या घरातल्या नावांचा. बाप कॉन्स्टंटिनुस, आणि त्याच्यामागे गादीवर आलेल्या तिघा मुलांतला थोरलाही कॉन्स्टंटिनुस, मधला कॉन्स्टंटिउस, धाकटा कॉन्स्टन्स. पहिली सात अक्षरं सगळ्यांची सारखीच, म्हणून ती वाचण्यात वेळ घालवू नका. शेपूट पाहा. 'टी आय एन व्ही एस' आलं तर बाप किंवा थोरला. त्यातला थोरला सीझर असताना नावापुढे 'आय व्ही एन', म्हणजे धाकटी पाती असल्याची खूण लावतो आणि बाप बरेचदा 'एम ए एक्स', थोर, म्हणवून घेतो. 'टी आय व्ही एस' आलं तर मधला. सरळ 'एन एस' असेल तर कॉन्स्टन्स.

दुसरी युक्ती नाव तुटण्याच्या जागेची. डोकं मध्ये येतं म्हणून नाव बरेचदा दोन तुकड्यांत लिहिलेलं असतं, आणि तुकडा कुठे पडला हे नाव पुसलं तरी कळू शकतं. दोन विजयदेवतांच्या नाण्यांवर, जर्मनीतल्या त्रीरच्या टांकसाळीत विशेषतः, कॉन्स्टन्सचं नाव डोक्यानंतर एकट्या 'एस'ने सुरू होतं आणि कॉन्स्टंटिउसचं 'व्ही एस'ने. तिथे आधी एक अक्षर आहे की दोन, एवढं मोजता आलं की दोघा भावांतला निवाडा झाला. थोरला भाऊ 340 मध्येच मारला गेला होता, त्यामुळे या नाण्यांवर तो उमेदवारच नाही. काळ आधी ठरवण्याचा फायदा हाच.

घोडेस्वाराच्या नाण्यांवर गॅलस नावाचा चुलतभाऊ घोटाळा करतो. तो 351 ते 354 सीझर होता आणि त्याच्याही नावात 'कॉन्स्टंटिउस' आहे. इथे मात्र डोकं बघायचं, पण चेहऱ्यासाठी नव्हे. सम्राटाच्या केसांवर मोत्यांची पट्टी आणि मानेमागे तिच्या गाठीची दोन टोकं लोंबतात. सीझर बोडक्या डोक्याचा. पट्टी नसेल तर गॅलस किंवा सीझर असतानाचा जुलियन. आणि डोक्यावर किरणांचा काटेरी मुकुट असेल तर नाणं बहुतेक तिसऱ्या शतकातलं, त्याचं शास्त्र निराळं.

चित्राखाली एक आडवी रेघ असते आणि रेघेखाली टांकसाळीची खूण. नाण्याच्या काठावर असल्याने ती लवकर जाते, पण असली तर घबाडच. 'टी आर' म्हणजे त्रीर, तुमच्याच जर्मनीतलं. 'ए क्यू' उत्तर इटलीतलं अक्विलेया. 'एस आय एस' म्हणजे सिस्किया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. पूर्वेकडे 'एस एम' अशी सुरुवात असते, म्हणजे सरकारी टांकसाळ, आणि पुढे शहराचं अक्षर: 'एन' निकोमेडिया, 'के' सिझिकस, 'टी एस' थेसालोनिकी, 'ए एन' अंतिओक, 'ए एल' अलेक्झांड्रिया. त्याशिवाय टांकसाळीतल्या नेमक्या कारखान्याचं एक अक्षर असतं. पश्चिमेत बहुधा 'पी', 'एस' ही लॅटिन क्रमाची, पूर्वेत अल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक.

इथला एक सापळा सांगून ठेवते. 'सी ओ एन एस' दिसलं की सगळे कॉन्स्टँटिनोपल लिहून मोकळे होतात. पण 328 मध्ये फ्रान्समधल्या आर्लचं नाव सम्राटाच्या घराण्यावरून बदललं होतं, त्यामुळे तिथली खूणही 'सी ओ एन एस टी' झाली. 330 च्या दशकापुरता नियम असा: शहराच्या अक्षरांच्या आधी 'पी' किंवा 'एस' असेल तर आर्ल, आणि शेवटी ग्रीक अक्षर असेल तर कॉन्स्टँटिनोपल.

हे सगळं किती चालेल, ते नाण्यावर अवलंबून आहे. झीज तर असतेच. शिवाय शतकाच्या अखेरची चिल्लर नाणी कापलेल्या तुकड्यांवर घाईत ठोकलेली, आणि तुकडा ठशापेक्षा लहान. अर्धी अक्षरं पुसली गेलेली नसतात, ती नाण्यावर कधी उमटलेलीच नसतात. तिथे कितीही साफ करा, काही मिळणार नाही. आणि अक्षरांचा काहीच अर्थ लागत नसेल, चित्र पोराने काढल्यासारखं असेल, आकारही फार लहान असेल, तर ती स्थानिक नक्कल समजा. ब्रिटन आणि गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या बाजूला) चौथ्या शतकाच्या मध्याला लांडगी (ती तुमच्या तिसऱ्या नाण्यावर भेटेल), शिपाई आणि घोडेस्वार यांच्या नकला भरपूर झाल्या, कारण सरकारी चिल्लर पुरत नव्हती. अशा नाण्याला सम्राट शोधायचा नाही. 'घोडेस्वार प्रकाराची नक्कल' ही पूर्ण ओळख आहे, आणि मला स्वतःला त्या नकला मूळ नाण्यांपेक्षा जास्त आवडतात.

आता तुमची चार नाणी.

पहिल्यावर दोन शिपाई आहेत आणि मध्ये निशाण एकच. व्यास तुम्ही 15 दिलाय, तो जुळतो. उजवीकडे '…टी आय व्ही एस एन ओ बी सी' असं वाचतेय, म्हणजे मधला भाऊ कॉन्स्टंटिउस, अजून सीझर. तिघे भाऊ सप्टेंबर 337 मध्ये सम्राट झाले, म्हणजे नाणं 335 ते 337 मधलं. रेघेखाली 'एस एम ए एन' दिसतंय, म्हणून अंतिओक. बघा, चेहरा पाहिलाच नाही.

दुसरं घोडेस्वाराचं. पट्टी आहे, मागे गाठीची टोकं आहेत, नाव 'डी एन कॉन्स्टन'वर तुटून 'टिउस'ने पुढे जातंय, शेवट 'ए व्ही जी'. तोच मधला भाऊ, आता सम्राट. 17 मिलिमीटर म्हणजे 350 च्या दशकातलं, सुरुवातीचं मोठं नव्हे. टांकसाळ गेली.

तिसऱ्याने तुम्हाला सर्वांत जास्त छळलं असं लिहिलंय, कारण शिरस्त्राण घातलेला हा सम्राट कुठल्याच यादीत नाही. तो सम्राट नाहीच. ती रोमा, रोम नगरीची देवता, आणि मागे रोम्युलस-रेमस या जुळ्यांना दूध पाजणारी लांडगी. कॉन्स्टँटिनोपलचं उद्घाटन 11 मे 330 रोजी झालं. त्या सुमारास जुन्या आणि नव्या राजधानीची अशी जोडनाणी काढली गेली. नव्या शहराच्या नाण्यावर शिरस्त्राणातलीच दुसरी देवता आणि मागे जहाजाच्या नाळेवर उभी विजयदेवता असते. पुडीत शोधा, सापडण्याची शक्यता चांगली आहे. तुमच्याखाली 'टी आर पी' स्वच्छ आहे: त्रीर, पहिला कारखाना.

चौथं चिमुकलं, 12 मिलिमीटर. देवता कैद्याला ओढतेय हे नक्की, म्हणजे 388 नंतरचं. नावातलं फक्त 'व्ही एस' आणि पुढची उपाधी उरलीय. धाकटा व्हॅलेंटिनियन, थिओडोसियस, अर्केडियस, होनोरियस, चौघांचीही नावं 'व्ही एस'वर संपतात. त्याआधी 'आय' दिसला असता तर व्हॅलेंटिनियन गळला असता. फोटोत तिथे मातीचा ठिपका आहे. तो निघाला तर पुन्हा बघू. न निघाला तर 'थिओडोसियस घराण्याच्या काळातलं, 388 नंतर' एवढंच पाकिटावर लिहा. पुराणवस्तूंच्या नोंदींतही अशी ओळख चालते, नाव ओढूनताणून लावण्यापेक्षा ती कधीही चांगली.

तो ठिपका काढताना मात्र जपून. चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही लावू नका. घरच्या तांब्या-पितळेला जे चकाकवतं तेच इथे हिरवा-तपकिरी थर खाऊन टाकतं, आणि बारीक अक्षरं त्या थरातच असतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस भिजवा, पाणी बदलत राहा, मऊ टूथब्रश आणि बांबूची काडी वापरा. कुठे फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा आणि सिलिका जेलसोबत कोरडं ठेवा. तो क्षार ब्राँझ पोखरत जातो.

तुम्ही जाता जाता विचारलंय की अशी नाणी आपल्याकडे सापडतात का. सापडतात, पण दक्षिणेत: तमिळनाडूत करूर-मदुराईच्या बाजूला आणि श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकातली ही ब्राँझची चिल्लर भरपूर मिळाली आहे, बरीचशी वापरून गुळगुळीत झालेली. श्रीलंकेत तर तिच्या स्थानिक नकलाही झाल्या. सुट्टीत येताना तुमची पुडी मात्र सहज म्हणून बॅगेत टाकू नका. शंभर वर्षांहून जुनी नाणी आपल्या 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परत जाताना विमानतळावर समजावत बसाल. जर्मनीतही खरेदीची पावती नाण्यांबरोबरच ठेवा.

बाकीच्या नाण्यांचे फोटो पाठवाल तेव्हा दोन्ही बाजू, व्यास आणि वजन द्या. दिवा एका बाजूने, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवा, आणि तेच नाणं थोडं फिरवून दुसरा फोटो घ्या. एका उजेडात लपलेली अक्षरं दुसऱ्यात वर येतात.